गुंजाळसरांचा कोल्हा

गुंजाळसर कुणाच्याही घरी पहिल्यांदा गेले की चपला काढायच्या आधी एक टाळी वाजवायचे. एकच. मग मान तिरकी करून क्षणभर थांबायचे आणि यजमानांना सांगायचे, "जाड पडदे लावा हो. घर फार घुमतंय." ज्यांना सवय नव्हती ते बावचळून जात. आमच्या मंडळाच्या गणपतीत एका वर्षी सरांनी भाड्याच्या हॉलमध्ये पाऊल टाकताच टाळी वाजवली, तर बसलेल्या पन्नास माणसांना वाटलं आरती सुरू झाली. सगळे धडपडून उठले, कुणीतरी सूर धरला, आणि मोदक अजून गाडीच्या डिकीत असताना आरती होऊन गेली. सरांनीही ती शेवटपर्यंत म्हटली आणि मग अध्यक्षांना म्हणाले, "हॉल बरा आहे. मागच्या भिंतीवर तेवढी सतरंजी लटकवा."

सर मूळचे संगमनेरजवळच्या एका खेड्यातले. नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला पंचवीस वर्षं काढूनही बोलण्यातलं संगमनेर गेलं नव्हतं. ते डच बोलायला लागले की समोरचा डच माणूस दोन वाक्यांत हात टेकून इंग्रजीवर यायचा, आणि सर मात्र चिवटपणे डचमध्येच बोलत राहायचे. एका कंपनीत ते लाउडस्पीकर तपासायचे. आलेख काढणारी यंत्रं होतीच, पण शेवटची सही सरांच्या कानांची. स्पीकर बाजारात जायचा की परत वर्कशॉपमध्ये, हे ते एका बंद खोलीत डोळे मिटून ठरवायचे.

मी नवऱ्याच्या मागोमाग डिपेन्डन्ट व्हिसावर इथे आले होते. दोन वर्षं केक भाजून आणि सायकल शिकून झाली, मग नोकरी शोधायला लागले. सरांनी मुलाखतीत माझा बायोडेटा उलटा करून ठेवला, दोन स्पीकर ऐकवले आणि विचारलं, "यातला खोटारडा कुठला?" मी म्हटलं, दुसरा, पण मला तोच जास्त आवडला. सर खूश झाले. "खोटं कळलं, आणि आवडलं हेही कबूल केलंत. सोमवारपासून या, वैशालीबाई." मला आयुष्यात कुणी 'बाई' म्हटलं नव्हतं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते आणि घरी जाऊन आरशात पाहिलं होतं.

सरांच्या हाताखाली मी सात वर्षं काढली. शिकवणं असं त्यांनी कधी केलं नाही. एखादा आवाज ऐकून मी घाईने मत द्यायला लागले की ते बोट वर करायचे आणि म्हणायचे, "आधी संपू तर द्या त्याला." फोनवर बोलणाऱ्या माणसाच्या आवाजावरून तो उभा आहे की बसलाय हे ते सांगायचे. कॉफीचं मशीन बिघडायच्या दोन दिवस आधी त्यांना कळायचं. कॅन्टीनमधली बाई त्यांना घाबरून असायची.

आणि तरी जो दिवस यायचा होता तो आला. सरांनी एका नमुन्यावर सही केली होती. मी तो खोक्यात ठेवत होते, तर मला एक बारीक शिट्टी ऐकू आली. मी काही विचार न करता म्हणून गेले, "सर, यात शिट्टी येतेय."

सर परत खोलीत आले. कान स्पीकरपाशी नेला. "कुठे?"

मी आवाज वाढवला. शिट्टी आता माझ्या दातांत शिरत होती.

"अजून आहे?" सरांनी विचारलं.

"आहे, सर."

"आत्ताही?"

"हो."

सरांनी बटण बंद केलं आणि खुर्चीत बसले. मी गडबडून म्हटलं, माझ्याच कानात काहीतरी झालं असेल. त्यावर ते एवढंच म्हणाले, "खोटं बोलू नका. तुम्हाला त्यासाठी घेतलेलं नाही." त्याच दुपारी त्यांनी स्वतः साहेबाला लिहून दिलं की यापुढे माझ्या कानांवर विसंबू नका. नोकरीची उरलेली दीड वर्षं त्यांनी मॅन्युअल तपासण्यात घालवली. त्यांच्या खोलीत मी बसायला लागले. ती खुर्ची मला कधीच सुखाची झाली नाही. मी नसते बोलले तर अजून वर्षभर कुणाला कळलं नसतं, हे आजही मनात येतं, आणि असं मनात येणं त्यांना अजिबात आवडलं नसतं हेही मला माहीत आहे.

हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, आधी रिवाजाप्रमाणे दोन आठवडे थांबायला सांगितलं. पुढे मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की कानाच्या नसाच वाळत चालल्या आहेत. आधी वरचे बारीक आवाज जातील, मग हळूहळू खालचे. कानात यंत्र घालता येईल, पण गेलेलं परत यायचं नाही. सरांनी मला हे कॅन्टीनमध्ये संत्रं सोलता सोलता सांगितलं. "वरून खाली चाललंय. शिट्ट्या गेल्या, चिमण्या गेल्या. आता फोनवर रेवाचे स आणि श जायला लागलेत." रेवा ही त्यांची मुलगी, मास्ट्रिख्टला शिकत होती. तिची आई ती लहान असतानाच गेली होती, आणि त्याबद्दल सर कधी बोलत नसत.

त्याच महिन्यात आम्ही नवीन घर घेतलं. सर आले, चपला काढल्या, आत आले आणि सोफ्यावर बसले. माझा नवरा निखिल थट्टेने म्हणाला, "सर, टाळी राहिली!" सर हसले आणि म्हणाले, "आता तुम्हीच सांगा घुमतंय का." निखिलला काही माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडला.

थंडी सुरू झाली तेव्हा बातमी आली की आमच्या भागातल्या एका जंगलात झाडावर लावलेल्या कॅमेऱ्यात कोल्हा सापडला आहे. सर भर दुपारी फोन नाचवत माझ्या खोलीत आले. फोटो धुरकट होता. मी म्हटलं, कोल्हे इथे ढिगाने आहेत, आमच्या कचऱ्याच्या डब्यापाशी येतात.

"ती खोकडं हो! पुण्याच्या माणसाला सगळं सारखंच. हा कोल्हा आहे, आपला. पूर्वेकडून चालत चालत आलाय. एकटाच आहे म्हणतात." मग खुर्ची ओढून बसले. "अहो, हा ओरडत असणार."

मग मला कळलं ते असं. सरांच्या लहानपणी घराच्या मागे प्रवरेपर्यंत ऊस होता आणि दिवस मावळला की उसातून कोल्हेकुई सुरू व्हायची. घरात घड्याळ नव्हतं. पहिली कुई झाली की आई चूल पेटवायची. सरांना ती कुई एकदा, फक्त एकदा, कान जायच्या आत ऐकायची होती.

मी व्यवहारी बाई. म्हटलं, नेटवर शंभर सापडतील. "टेपवरची ऐकणं म्हणजे जेवणाचा फोटो बघणं," सर म्हणाले. मग गावी जाऊन या, मी म्हटलं. तर ते दिवाळीत जाऊनच आले होते. बारा दिवस रोज संध्याकाळी भावाबरोबर बांधावर उभे राहिले होते. पण आता तिथे विहिरीवरच्या मोटारी, ट्रॅक्टर, कुठे ना कुठे लग्नाचा डीजे. चांगला कान त्या गोंगाटातून हवं ते वेचून काढतो, आजारी कानाला ते जमत नाही. "बाळू म्हणायचा, दादा, वरडलं ना आत्ता! आणि मला नुसती मोटार ऐकू यायची." मग म्हणाले, "इथे शांतता आहे. या देशात फुकट मिळणारी तेवढी एकच गोष्ट."

मग सरांनी कोल्ह्याला हाक मारणारं यंत्र बनवायला घेतलं. त्यांच्या गॅरेजमध्ये मी दर शनिवारी जायची, म्हणायला मदतीला, खरं म्हणजे बघायला. क्रिंगलोपमधून, म्हणजे जुन्या वस्तूंच्या दुकानातून, त्यांनी फुटबॉलच्या मैदानावरचा जुना कर्णा आणला होता, आपल्याकडे जत्रेत असतो तसा. इलेक्ट्रिक सायकलची जुनी बॅटरी, स्वतः जोडलेला ॲम्प्लिफायर, आणि लांबून चालू-बंद करायला कुणाच्या तरी गॅरेजच्या दाराचा रिमोट. सगळं नीट बसवून त्यांनी ते स्टीलच्या डब्यात बंद केलं, आणि रिमोट काही केल्या चालेना. दोन शनिवार गेले. सर्किट तीनदा उकललं. शेवटी सुट्टीला आलेली रेवा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, इट्स अ मेटल बॉक्स. द सिग्नल कान्ट गेट इन."

चाळीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स केलेला माणूस डब्याकडे बघत राहिला. मग इतका हसला की खाली बसला. रेवाही हसायला लागली. त्या दिवशी जुगाड श्रीखंडाच्या प्लास्टिकच्या डब्यात गेलं आणि पुढच्या दहा मिनिटांत चाललं. रेवा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ही हॅज नॉट लाफ्ड लाइक दॅट सिन्स द टेस्ट." बाप शेजारीच होता. तिला आवाज लहान करायची गरज नव्हती, हे तिच्याही लक्षात आलं आणि ती आत निघून गेली.

खरी कटकट आवाजाची होती. सरांना आपल्याच शिवारातला कोल्हा हवा होता, आणि तोही एकटा. "कळपाचा आवाज वाजवला तर हा बिचारा समजेल इथे आधीच कुणीतरी बिऱ्हाड केलंय. गप्प बसेल नाहीतर निघून जाईल. एकट्याला एकट्याचाच आवाज पाहिजे." गावाकडे लाइट गेली की मोटारी बंद पडायच्या. तेवढ्यात बाळूकाका फोन घेऊन उसाकडे पळायचे. रेकॉर्डिंग यायचं ते व्हॉइस नोट म्हणून, म्हणजे आवाजाचा पार चुरा होऊन. मग सर फोनवर ओरडायचे, "अरे, डॉक्युमेंट म्हणून पाठव! डॉक्युमेंट!"

"दादा, कोल्ह्याचं कसलं डॉक्युमेंट रं? आधार कार्ड हाय का त्याचं?"

शेवटी एक जमलं. पंचवीस सेकंद. एकच कोल्हा, एक लांब हाक, वर चढत गेलेली, मग दोन तुटक. मागे बाळूकाकांचा दम ऐकू येत होता. सरांना तो काढायचा होता, पण स्वतःला तो ऐकू येत नव्हता. म्हणून मी हेडफोन लावून बसले आणि ते पडद्यावरच्या रेघा हलवत विचारत राहिले, "गेला? अजून थोडा? आता?" असं आम्ही अख्खी दुपार बसलो. कानावर विश्वास ठेवायचा तर दुसऱ्याच्या, हे त्या माणसाने किती सहज स्वीकारलं होतं.

कुणाला न विचारता जंगलात जाऊन कर्णा वाजवावा असं सरांच्या मनातही आलं नाही. त्यांनी अर्ज केला. हेमेंतेने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने, जंगल खात्याकडे धाडलं, जंगल खात्याने परत हेमेंतेकडे. दीड महिन्याने तीन संध्याकाळची परवानगी मिळाली, ती हेंक नावाचा स्वयंसेवक बरोबर असण्याच्या अटीवर. हेंक प्राण्यांची मोजदाद करायचा. उंच, कमी बोलणारा. एका संध्याकाळी तीनच वेळा वाजवायचं, प्रत्येक वेळी पाच मिनिटं थांबायचं, उत्तर आलं तर नोंद करायची, असा त्याचा नियम होता. फेब्रुवारी होता. कोल्ह्यांचे जोड्या जमवायचे दिवस.

गावाबाहेरच्या माळावर, जिथे थंडीने तपकिरी पडलेलं खुरटं झुडूप संपून पाइनची झाडं सुरू होतात, तिथे आम्ही उभे राहायचो. सूर्य साडेपाचलाच मावळायचा. सर कानातली यंत्रं काढून खिशात ठेवायचे. मी म्हटलं, सर, घाला ना, मदत होईल. "यंत्रातूनच ऐकायचं तर गॅरेज काय वाईट होतं?" दोन्ही तळवे कानांमागे धरून ते झाडांकडे तोंड करून उभे राहायचे. पहिल्या संध्याकाळी काही नाही. दुसऱ्या संध्याकाळी एक कुत्रा भुंकला आणि हेंकने तोही लिहून घेतला.

तिसऱ्या संध्याकाळी दुसऱ्यांदा वाजवल्यावर दोन मिनिटं झाली असतील. झाडांच्या पलीकडून आवाज आला. मी तोपर्यंत आयुष्यात कोल्हा ऐकला नव्हता, फक्त हेडफोनमधला. पण हा कर्ण्यातून आला नव्हता. लांब, वर चढत जाणारा, आणि शेवटी कुणीतरी मध्येच सोडून दिल्यासारखा. हेंकने डोळे मोठे करून माझ्याकडे पाहिलं. मी सरांकडे पाहिलं.

सर तसेच उभे होते. तळवे कानांमागे, डोळे मिटलेले, वाट बघत.

आवाज थांबला. मग त्यांनी डोळे उघडले, आम्हा दोघांचे चेहरे पाहिले, आणि त्यांना कळलं.

"आला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली. मला खोटं बोलता आलं असतं, पण त्यांना ते चाललं नसतं.

"कुठून?"

मी हात केला. तिकडे ते बराच वेळ बघत राहिले. हेंकने घड्याळ पाहिलं, सरांच्या खांद्यावर हात ठेवला आणि बोट वर करून डचमध्ये म्हणाला, अजून एकदा वाजवता येईल, नियमात बसतं. मीही म्हटलं, "सर, कानातलं मशीन घाला आणि वाजवा. या वेळी जवळ येईल तो. नक्की ऐकू येईल."

रिमोट सरांच्या हातात होता. अंगठा बटणावर होता. ज्या एका गोष्टीसाठी अख्खी थंडी गॅरेजमध्ये घालवली, ती एवढ्यावर आली होती.

"नको," सर म्हणाले.

"सर!"

"एकदा उत्तर दिलंय त्याने. आता परत हाक मारली तर तो चालत येईल इथपर्यंत. अंधारात, एवढा सगळा माळ ओलांडून. आणि इथे आल्यावर काय सापडेल त्याला? श्रीखंडाचा डबा." त्यांनी खाली वाकून बॅटरीची वायर काढली. "असं नाही करायचं कुणाला."

गाडीकडे येताना ते मला म्हणाले, "कसा होता ते सांगा." मी सांगायला लागले, लांब होता, वर गेला. "तसं नाही. करून दाखवा." मी भोंडल्यातसुद्धा मागच्या रांगेत ओठ हलवणारी बाई. हेंक चार पावलं पुढे गेला, मुद्दामच. मी सरांच्या उजव्या कानाशी तोंड नेलं आणि त्या माळावर कोल्ह्यासारखी ओरडले. अर्ध्यावर आवाज फाटला. सरांनी ऐकलं. "शेवटी खाली आला की तसाच सुटला?" सुटला, मी म्हटलं. "मग तरुण आहे," सर म्हणाले आणि रुमाल काढून डोळे पुसले. मीही पुसले.

एप्रिलमध्ये सर गेले. कानांचा काही संबंध नव्हता, झोपेत हृदय थांबलं. रेवाने फोन केला तेव्हा ती डचमध्ये बोलत होती आणि मी मराठीत.

त्याच्या आधी चार दिवस मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. संध्याकाळी मी मैत्रिणीकडून सायकलवर येत होते. माळाच्या कडेने जाणाऱ्या वाटेवर सरांची सायकल उभी दिसली, आणि आत शंभर पावलांवर सर. कर्णा नाही, डबा नाही. नुसतेच उभे. नंतर रेवाकडून कळलं की मार्चपासून ते रोज तिथे जात होते. मी सायकलवरून उतरून "सर!" अशी हाक मारली. मग आणखी मोठ्याने. त्यांनी वळून पाहिलं नाही.

त्यांच्याकडे जायला मी पाऊल उचललं, आणि तेवढ्यात कोल्हा ओरडला. झाडांतून नाही. माझ्या मागून, रस्त्याच्या पलीकडच्या शेतांतून, अगदी स्वच्छ, अगदी जवळून. एकदा, आणि मग लगेच दुसऱ्यांदा.

पळत जाऊन त्यांचा खांदा हलवावा, त्यांना इकडे वळवावं, असं मला वाटलं. पण वळल्यावर त्यांनी माझा चेहरा पाहिला असता, आणि पुन्हा एकदा मला मान हलवून सांगावं लागलं असतं की येऊन गेला. तो स्पीकर खोक्यात ठेवतानाचा दिवस मला आठवला. एका माणसाला हे मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा माझ्याने होईना. शनिवारी सावकाश सांगू, असं ठरवून मी सायकल वळवली. मी चुकले. कोल्हा तिसऱ्यांदा ओरडलाही असता, कुणी सांगावं.

वळणावर मी एकदा मागे पाहिलं. उजेड जवळजवळ संपला होता. सर पाइनच्या झाडांकडे तोंड करून, दोन्ही तळवे कानांमागे धरून, ऐकत होते.